ओझे कोणाचे, वाट कोणाची?

मराठी भाषेत ‘वाटाड्या’ असा एक जुना शब्द आहे. अनोळखी मुलखात पुढे चालून वाट दाखवणारा, तो वाटाड्या. या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप वाचकांपैकी कोणाच्या कानावर कधी आले आहे काय? माझ्या तरी आलेले नाही. ‘मार्गदर्शक’ या शब्दाचे ‘मार्गदर्शिका’ असे रूप होते खरे, परंतु दुकानात जाऊन मार्गदर्शिका मागितली तर हातात पडते ते पुस्तक! पुढे चालणारी, वाट दाखवणारी, आणि वेळ आल्यास ‘थांबा’ म्हणणारी जिवंत बाई आपल्या भाषेला ठाऊक नाही. ज्या जागी समाजाने स्त्रीला कधी उभेच केले नाही, त्या जागेसाठी भाषेला तिचे नाव तरी कोठून सुचावे?

हा विचार माझ्या मनात आला तो एका सहलीमुळे. गेल्या उन्हाळ्यात आपल्या ओळखीची सात-आठ कुटुंबे मिळून आम्ही वेल्समधील स्नोडन शिखरावर निघालो होतो. शिखराची उंची १,०८५ मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) तुलनेत ते ठेंगणेच. परंतु या बेटावरील हवा कशी असते हे आपण सर्वजण जाणतोच. लहान मुले बरोबर असल्याने आम्ही एक प्रशिक्षित मार्गदर्शक ठरवला होता. प्रत्यक्षात आली ती तिशीतील एक शिडशिडीत बाई. तिने सर्वांचे बूट तपासले, कोणाजवळ पावसाळी अंगरखा आहे आणि कोणाजवळ नाही हे पाहिले, आणि मगच पाऊल उचलू दिले. शिखर अर्ध्या तासावर राहिले असताना ढग खाली उतरले आणि वारा असा सुटला की मुलांना उभे राहणे कठीण झाले. बाई थांबली आणि शांतपणे म्हणाली, “आज येथून परत.”

त्यावर आमच्यातील काही पुरुषमंडळी जे बोलली ते लिहिताना मला संकोच वाटतो. पण लिहिले पाहिजे. “आपण पैसे मोजले आहेत, ही कोण आपल्याला अडवणारी?” असे उद्गार निघाले. हे बोलणारे कोणी अडाणी नव्हते. १४ एप्रिलच्या सभेत समतेवर बोलणारे, सुशिक्षित, माझ्या आदरातील बांधव होते. बाईने वाद घातला नाही. तिने नकाशा घडी करून खिशात ठेवला, सर्वांत लहान मुलाचा हात धरला आणि उतरू लागली. आम्हीही मुकाट्याने उतरलो. सर्वजण सुखरूप खाली आले. तिचा निर्णय बरोबर होता हे सिद्ध करण्यासाठी काहीच घडले नाही. आणि काहीच घडले नाही हीच तर तिच्या कामाची पावती होती.

त्या दिवशी माझ्या धाकट्या मुलीने ते सर्व पाहिले. शाळेत असताना तिने ड्यूक ऑफ एडिंबरा अवॉर्डच्या मोहिमा केल्या होत्या; पाठीवर तंबू घेऊन रानात मुक्काम करणे तिला नवे नव्हते. परत आल्यावर तिने घरात जाहीर केले की, शिक्षण पूर्ण होताच ती ‘माउंटन लीडर’ होण्याची तयारी करणार. येथील रीत अशी आहे की, प्रशिक्षणाला जाण्यापूर्वी निदान २० दिवस डोंगरात स्वतः वाट काढल्याची नोंदवही भरावी लागते. मग ६ दिवसांचे प्रशिक्षण. नंतर हीच नोंद ४० दिवसांपर्यंत गेली की ५ दिवसांची परीक्षा, तीत अंधारात व धुक्यात केवळ नकाशा आणि होकायंत्र यांवर वाट काढून दाखवावी लागते. शिवाय प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र वेगळेच. सांगायचे तात्पर्य, ही भटकंती नव्हे. ही विद्या आहे.

योगायोगाने माझे सासरे, ज्यांना घरात सर्वजण आबा म्हणतात, त्या दिवसांत सातारा जिल्ह्यातील गावाहून आमच्याकडे आले होते. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे. नातीचा बेत ऐकून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “पोरी, माझ्या आज्यानं साहेबाच्या घोड्याम्होरं पळत वाट दावली. डोक्यावर त्याचं बोचकं घेऊन. त्या पायी भाकरतुकडा मिळायचा. ते सुटावं म्हणून बाबासाहेबांनी जन्म घातला. आन् तू शिकून सवरून परत तेच करणार व्हय?”

वाचकहो, आबांचा हा प्रश्न हसून सोडून देण्याजोगा नाही. या स्मरणिकेच्या अनेक वाचकांच्या घरी अशीच आठवण असेल. महार वतनाच्या नावाखाली आपल्या पूर्वजांकडून जी कामे करून घेतली जात, त्यांत निरोप पोचवणे, खजिन्याबरोबर चालणे, गावाच्या हद्दी दाखवणे यांच्या जोडीला आल्यागेल्या अंमलदाराचे सामान पुढच्या गावापर्यंत नेणे आणि त्याला वाट दाखवणे हेही होते. दिवस असो की रात्र, ऊन असो की पाऊस, बोलावणे आले की निघायचे. घरचा कर्ता हजर नसेल तर घरातील दुसऱ्या माणसाने निघायचे. मोबदला म्हणजे जमिनीचा तुकडा आणि दारोदारचे बलुते. बाबासाहेबांनी या गुलामीविरुद्ध १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. आणि ती वतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले, ते बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. तेव्हा वाट दाखवणे हे काम आपल्या समाजाच्या स्मृतीत वेठ म्हणूनच कोरले गेले असेल तर त्यात नवल नाही.

माझ्या मुलीने आबांना उलट उत्तर दिले नाही. तिने एवढेच विचारले, “आबा, तुमच्या आजोबांना साहेबाला सांगता येत होतं का, की आज वाट धोक्याची आहे, मागे फिरा?”

आबा म्हणाले, “न्हाई. तसं म्हणायची सोय नव्हती.”

“मला असेल,” ती म्हणाली.

वेठ आणि व्यवसाय यांतील अंतर मला त्या एका शब्दात दिसले. काम तेच असू शकते. डोंगर तोच, पाठीवरचे ओझेही कदाचित तेवढेच. परंतु वेठ्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार नसतो आणि मार्गदर्शकाच्या हाती तोच सर्वांत मोठा अधिकार असतो. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हा विचार बाबासाहेबांनी १९३६ साली मांडला. डोंगरातील कामाकडे त्या दृष्टीने पाहिले की चित्र स्वच्छ होते. कोणी ओझे वाहावे आणि कोणी वाट ठरवावी, ही विभागणी बळावरून ठरलेली नाही. जन्मावरून आणि लिंगावरून ठरलेली आहे.

डोंगराचे काम स्त्रीच्या शरीराला झेपणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी जगाकडे जरा डोळे उघडून पाहावे. हिमालयात लाकूड, चारा, पाणी पाठीवर वाहून आणणारी कोण? आपल्या सह्याद्रीत गडाच्या पायथ्याशी हंडा-कळशी घेऊन चढणारी, गडावर आलेल्यांना ताक आणि पिठलं-भाकरी देणारी कोण? ओझे वाहताना तिचे शरीर कोणाला दुबळे वाटत नाही. वाट दाखवण्याचा, म्हणजे हुकमाचा आणि चांगल्या मजुरीचा प्रश्न आला की मात्र ते दुबळे ठरते. युरोपातील माँ ब्लाँ शिखरावर मारी पाराडी नावाची एक गरीब कष्टकरी स्त्री १८०८ साली पोचली. त्याच शामोनी गावात १८२१ साली मार्गदर्शकांचा संघ स्थापन झाला. आणि फ्रान्समध्ये पहिल्या स्त्रीला, मार्तीन रोलां यांना, पर्वत-मार्गदर्शकाची सनद मिळाली ती १९८३ साली! शिखर गाठण्यापासून सनद मिळण्यापर्यंत १७५ वर्षे. एवढा काळ स्त्रीचे पाय दुबळे होते, असे कोणी म्हणेल काय?

दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशाचे उदाहरण तर आपल्याला अधिक जवळचे वाटेल. तेथील आयमारा या मूळनिवासी समाजाच्या स्त्रियांना त्यांच्या घोळदार घागऱ्यांवरून आणि टोपीवरून ‘चोलिता’ म्हणून हिणवले जाई. प्रतिष्ठितांच्या वस्तीत त्यांना मज्जाव असे. डोंगराच्या तळांवर त्या परक्या गिर्यारोहकांसाठी स्वयंपाक करीत आणि ओझी वाहत. त्यांचे पती वाटाडे म्हणून वर जात. वर काय आहे ते आपणही पाहावे, असे त्यांच्या मनाने घेतले. २०१५ च्या डिसेंबरमध्ये अकरा जणी ६,०८८ मीटर उंचीचे वायना पोतोसी शिखर चढून गेल्या. २०१९ च्या जानेवारीत त्यांचे पथक अकोन्काग्वा या ६,९६१ मीटर उंचीच्या, अमेरिका खंडांतील सर्वोच्च शिखरावर पोचले. आणि हे सर्व तोच घागरा नेसून, ज्याच्यावरून त्यांना हसले गेले! आज त्यांच्यापैकी काहीजणी मार्गदर्शक म्हणून काम करतात. चुलीपासून दोराच्या पुढच्या टोकापर्यंतचे हे अंतर त्यांनी कोणाच्या कृपेने कापलेले नाही.

नेपाळमध्ये पासांग ल्हामू शेर्पा २२ एप्रिल १९९३ रोजी एव्हरेस्टवर पोचणाऱ्या पहिल्या नेपाळी स्त्री ठरल्या. उतरताना त्यांचा अंत झाला. त्याच दशकात पोखरा येथील तीन छेत्री बहिणींनी एक साधी गोष्ट हेरली. एकट्यादुकट्या येणाऱ्या परदेशी स्त्रियांना पुरुष वाटाड्यांकडून त्रास होत असे. तेव्हा या बहिणींनी स्त्रियांनाच प्रशिक्षण देऊन मार्गदर्शक म्हणून पाठवण्यास आरंभ केला. खेड्यापाड्यांतील मुली तेथे इंग्रजी, प्रथमोपचार, नकाशा शिकल्या आणि स्वतःच्या मिळकतीवर उभ्या राहिल्या. रोलवालिंग खोऱ्यातील दावा यांगझुम शेर्पा यांनी २०१२ साली एव्हरेस्ट आणि २०१४ साली के-टू सर केले, आणि पुढे पर्वत-मार्गदर्शकांची आंतरराष्ट्रीय सनद मिळवणाऱ्या त्या पहिल्या नेपाळी स्त्री झाल्या. आपल्या लडाखमध्ये थिनलास चोरोल यांनी २००९ साली केवळ स्त्रियांनी चालवलेली प्रवाससंस्था काढली. डोंगरात लहानाची मोठी झालेली ही मुलगी काम मागायला गेली तेव्हा बाईला वाटाड्या म्हणून पाठवण्यास लोक कचरत होते. तिने त्यांची मनधरणी करीत बसण्याऐवजी स्वतःची संस्था उभारली आणि इतर मुलींना शिकवले. पर्यटक गावातल्या घरांत उतरू लागले की घरच्या बाईच्या हातीही पैसा येऊ लागतो, हेही येथे लक्षात घ्यावे.

आणि आपण ज्या देशात राहतो तेथील काय कथा? ग्वेन मॉफट या दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या स्त्री-विभागात वाहन चालवीत; १९५३ साली त्या ब्रिटनमधील पहिल्या सनदधारक स्त्री पर्वत-मार्गदर्शक झाल्या. त्यांच्यानंतर ब्रीड आर्कलेस यांनी आंतरराष्ट्रीय दर्जा मिळवला, आणि त्या आठ मुलांच्या आई होत्या. तरीही १९९५ साली ॲलिसन हारग्रीव्ह्ज या गिर्यारोहिका के-टूवर मरण पावल्या तेव्हा वृत्तपत्रांत प्रश्न झडला की, दोन मुलांच्या आईने असे धाडस करावेच का? डोंगरात मेलेल्या किती बापांबद्दल हा प्रश्न विचारला गेला? म्हणजे स्त्रीला घरात ठेवण्याची हौस केवळ आपल्याच देशाला आहे असे नाही. सर्वोच्च सनद असलेल्या मार्गदर्शकांत स्त्रिया आजही अत्यंत थोड्या आहेत.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप मिळकतीचा. तो खरा आहे. हे काम हंगामी असते, मासिक वेतनाची शाश्वती नसते, गुडघे झिजतात. आपण रक्ताचे पाणी करून मुलांना शिकवले ते डॉक्टर, वकील, अभियंते व्हावेत म्हणून. त्यात चूक काहीच नाही. पहिल्या पिढीला पोटाची चिंता असते, तिने सुरक्षित वाट धरावी हे योग्यच. परंतु प्रत्येक पिढीने तीच भीती वारसा म्हणून पुढे द्यावी काय? आवडीचे काम निवडण्याची मुभा ही केवळ वरच्या जातींच्या मुलांचीच मिरासदारी राहावी, असे आपल्याला वाटते काय?

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. डोंगरात जिवाला धोका असतो, हे मी आई म्हणून नाकारू शकत नाही. रात्री झोप लागणार नाही, हेही मला ठाऊक आहे. परंतु धोका ओळखणे आणि त्यापासून वेळीच मागे वळणे हीच तर त्या विद्येची पहिली पायरी. जी मुलगी वीस माणसांना ‘येथून परत’ म्हणू शकते, ती आयुष्यात इतरत्रही नको त्या गोष्टीला ‘नाही’ म्हणू शकेल. आपल्या घरांतून मुलींना सोसायला शिकवले जाते. नकार द्यायला किती घरांतून शिकवले जाते?

तिसरा आक्षेप कोणी तोंडाने बोलत नाही, पण मनात असतो: लग्न जमेल काय? याला माझे उत्तर एवढेच की, मुलीच्या पाठीवरची पिशवी ज्याला जड वाटते, त्याच्या घरी तिने जाऊ नये.

हिरकणीची आख्यायिका आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. रायगडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हे मूल, म्हणून ही गवळण रात्री कडा उतरून गेली. आपण तिच्यातील आईचे कौतुक करतो. पण ज्या कड्यावरून उतरणे अशक्य मानले जाई तेथे अंधारात वाट शोधणारी ती उत्तम वाटाडी होती, हे कोणाच्या ध्यानात येते? आख्यायिका सांगते की, तिच्या नावाने तेथे बुरूज बांधला गेला. म्हणजे तिचा गौरव झाला आणि तिची वाट बुजवली गेली! गौरव करून वाट बंद करण्याची ही रीत आपल्या सभासंमेलनांतूनही दिसते. व्यासपीठावर सावित्रीबाई आणि रमाई यांच्या तसबिरींना हार. आणि त्याच वेळी आतल्या स्वयंपाकघरात दीडशे माणसांच्या जेवणाची पातेली उचलणाऱ्या भगिनी. कार्यकारिणीच्या यादीत त्यांची नावे किती, हे ज्याने त्याने मोजून पाहावे. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, ही बाबासाहेबांची शिकवण आपण दरवर्षी उच्चारतो. मोजण्याची वेळ आली की मात्र आपण हिशेब दुसऱ्यांचा काढतो.

आशेची चिन्हे नाहीत असे नव्हे. तेलंगणातील मालावत पूर्णा ही आदिवासी शेतमजुरांची मुलगी २५ मे २०१४ रोजी, वयाची चौदा वर्षेही पूर्ण झाली नसताना, एव्हरेस्टवर पोचली. तिच्यासोबत आनंद कुमार हा दलित विद्यार्थी होता. दोघेही शासकीय समाजकल्याण निवासी शाळांतील. आणि शिखरावर त्यांनी बाबासाहेबांची प्रतिमा नेली होती. २०१८ साली चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या आदिवासी विद्यार्थ्यांनीही एव्हरेस्ट सर केले. त्यांत मनीषा धुर्वे ही मुलगी होती. संधी आणि शिक्षण मिळाले की काय होते याचे हे जिवंत पुरावे. परंतु शिखर हे एका दिवसाचे छायाचित्र असते. मार्गदर्शन हे आयुष्यभराचे काम. उद्या याच मुली इतरांना घेऊन पुढे चालतील, आणि सनद, वेतन व निर्णय त्यांच्या हाती असेल, तेव्हाच त्या छायाचित्रांचे सार्थक होईल.

आपण तर बुद्धाचे अनुयायी. बुद्ध हा मोक्षदाता नसून मार्गदाता आहे, हे बाबासाहेबांनी आपल्याला समजावून दिले. तो कोणाला पाठीवर घेऊन पलीकडे पोचवीत नाही. वाट दाखवतो, चालायचे ज्याचे त्याने. मग वाट दाखवण्याचे काम हलके कसे? थेरीगाथेत चित्ता आणि मेत्तिका या थेरींची कथा येते. देह थकलेला, आजाराने गांजलेला, हातात काठी. तरी त्या डोंगर चढून गेल्या आणि तेथे त्यांना मुक्तीचा अनुभव आला. अडीच हजार वर्षांपूर्वी त्यांना ‘हा बायकांचा रस्ता नव्हे’ असे धम्माने सांगितले नाही. आज आपण का सांगावे?

शेवटी संस्थेपुढे काही सूचना नम्रपणे ठेवते. वर्षातून एक दिवस आपल्या कुटुंबांनी डोंगरात जावे. त्यासाठी सनदधारक स्त्री मार्गदर्शक ठरवावी आणि तिचा मोबदला घासाघीस न करता द्यावा. ती ‘परत’ म्हणाली तर परत यावे. आपल्या एखाद्या मुलीला ही विद्या शिकायची असेल तर तिच्या शुल्काचा काही भाग शिष्यवृत्तीच्या निधीतून द्यावा. उत्तरकाशी आणि दार्जिलिंग येथील पर्वतारोहण संस्थांत जाऊ इच्छिणाऱ्या भारतातील गरीब मुलींनाही या निधीचा हात मिळावा. लडाख-नेपाळला जाणाऱ्या बांधवांनी तेथील स्त्री मार्गदर्शकांनाच काम द्यावे. आणि पुढील धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पातेली पुरुषांनी उचलावीत!

आबा गावी परत गेले. जाण्यापूर्वी एका सकाळी ते नातीच्या खोलीत गेले आणि तिची पाठपिशवी दोन्ही हातांनी उचलून पाहिली. “जड हाय,” ते म्हणाले. मग क्षणभर थांबून, “पर हे तुझं तू उचलतीस,” असे म्हणाले. एवढेच. त्यांची पूर्ण संमती आहे असे मी म्हणणार नाही. पण गावाहून फोन आला की ते आता तिच्या नोंदवहीतले दिवस विचारतात. गेल्या आठवड्यापर्यंत ते सतरा झाले होते.

जयभीम! नमो बुद्धाय!